तासाभराची नळी

"तिला घाई करू नका. तिला तास लागतो म्हंजे लागतो."

एक डोळा मिटून, नाक जवळजवळ काचेला टेकवून काका हे म्हणायचे, आणि ही 'ती' कोण म्हणून पेशंट बिचारा मागे वळून बघायचा. ती म्हणजे ईएसआरची नळी. तिच्यात रक्त भरून उभी करायची आणि तासाभरात तांबड्या पेशी किती खाली बसल्या ते मोजायचं. अंगात कुठे सूज, दाह असला की पेशी भराभर बसतात आणि आकडा वाढतो. अहमदपूरच्या त्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये मी काकांच्या हाताखाली होतो, आणि मला सगळं येतं अशी माझी समजूत होती.

नळी सरळ उभी हवी, याचं त्यांना वेड. जरा कलली की आकडा फुगतो. म्हणून गवंड्याचा ओळंबा आणून ते रोज स्टँडपाशी धरून बघत. लोक विचारत, ही लॅब आहे की बांधकाम?

लातूर जिल्हा नुकताच झाला होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. काका आठवडाभर प्रशिक्षणासाठी लातूरला गेले. इकडे टेबलावरच्या पिंपात चार बोटं पाणी उरलं आणि तोटीतून थेंब येईना. मी हुशारी केली. टेबलाच्या मागच्या पायांखाली विटा सारल्या. पाणी आलं. नळ्यांचं स्टँडही त्याच टेबलावर आहे, हे काही त्या हुशारीत बसलं नाही.

काका परतले आणि दारातच थबकले.

"ह्या घसरगुंडीवर किती नळ्या लावल्या रे?"

रजिस्टर काढून सगळ्यांना परत बोलावलं. एकीचे मात्र वडीलच आले, डोळे पुसत. मुलगी लोह्याकडे दिलेली. थकवा येतो म्हणून त्यांनी तिला आमच्याकडे आणून तपासून घेतलं होतं. आकडा वीसच्या आत हवा, तो पस्तीस आला, डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला आणि सासरच्यांनी परस्पर टीबी ठरवला. तिचा कप, ताट वेगळं झालं. सोमवारी तिला कायमची माहेरी पोचवणार होते.

"नवा कागद नेला तर म्हणतील, बापानं बदलून आणला," वडील म्हणाले.

"मग नळीच घिऊन जाऊ," काका म्हणाले.

एसटीत स्टँड त्यांच्या मांडीवर आणि ओळंबा माझ्या खिशात. सासरच्या ओसरीवर काकांनी स्टूल अगदी सपाट बसवलं. "चूक लॅबची हाय, म्हंजे माझी," असं सांगून सुनेचं रक्त घेतलं. मग सासूबाईंकडे वळले. "तुमचं बी द्या. तिला सोबत."

"मला काय धाड भरली?" म्हणत त्यांनी हात पुढे केला.

सगळं घर तासभर दोन नळ्यांकडे बघत बसलं. चहा आला. सुनेचा कानतुटका कप कोनाड्यात एकटाच होता. काका म्हणाले, "मला त्यातच द्या. येगळ्या कपाची गावकुसाबाहेरच्या आमच्या घराला लई जुनी सवय हाय." सुनेने त्यातच चहा ओतून दिला. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

तास भरला. सून अठरा. सासूबाई बेचाळीस!

"आता सोमवारी कुणाला पोचवायचं?" सासरे म्हणाले, आणि सून पदराआड खुदकन हसली.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "भिऊ नका माय," काका म्हणाले. "आत कायतरी धुमसून राहिलं, एवढंच हिला कळतं. काय अन् कुठं, ते न्हाई कळत. गुडघे दुखतेत का?"

"लई."

"मग ते डॉक्टरला दाखवा. पोरीचा थकवा बी दाखवा. अन् तिला हितंच ऱ्हाऊ द्या."

परतताना मी म्हटलं, "काका, विटा मी लावल्या होत्या."

"हाव, ठाऊक हाय. तुझं नाव घेतलं असतं तर तुला बदडण्यातच त्यांचा तास गेला असता."

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला ती ओसरी दिसते. आम्ही निघालो तेव्हा सासूबाईंनी तो कानतुटका कप स्वतः विसळून बाकीच्या कपांत ठेवला. काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उचलला, उरलेला चहा त्यातच ओतला, आणि सुनेशेजारी बसून प्यायल्या.