मधल्या स्पीकरची वायर

माझे सासरे उत्तम परब लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते, म्हणजे कापड विणायच्या खात्यात. संपात गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे त्यांनी परळच्या एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमनची नोकरी केली. मुळात बोलणं कमी. पण संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावला की ते टीव्हीसमोरच्या खुर्चीत येऊन बसायचे. "ही बाई खोटं बोलतेय बघ, कालिंदी," असं मधूनच म्हणायचे. घरातला त्यांचा सहवास तेवढाच.

मग आम्ही भिंतीवरचा चपटा टीव्ही घेतला. त्याच सुमारास शंकर-पार्वतीची मालिका सुरू झाली. मूळ दक्षिणेकडची, मराठीत डब केलेली. मी आणि सासूबाई ती चुकवत नसू. बाबा मात्र पाच मिनिटांत उठून गॅलरीत जाऊन बसायला लागले. विचारलं तर म्हणायचे, "आवाज बरोबर नाय याचा. काय कळत नाय."

आवाज वाढवला तर शेजारच्या पुतळाबाईंनी भिंत ठोकली. "शंकराक माझ्या घरात कित्याक पाठवतास गो?"

बाबांची खुर्ची रोज रिकामी राहायला लागली. माझा नवरा जगन म्हणाला, "चपट्या टीव्हीचे स्पीकर पाठीमागे असतात. आवाज भिंतीवर आपटतो. होम थिएटर लावू, मग बसतील."

रविवारी चौघं दादरच्या दुकानात गेलो. सेल्समनने आमचीच मालिका लावली. पहिल्या सेटला बाबांनी मान हलवली. दुसऱ्याचा वूफर एवढा दणदणला की माझ्या छातीत धडधडलं. बाबा म्हणाले, "मोठा झाला, पण कळत नाय."

तिसरा सेट जोडता जोडता सेल्समनने बातम्या लावल्या. बातम्या देणारी मुलगी समोर बघून बोलत होती. बाबांचा चेहरा एकदम उजळला.

"हा घे, जगन. एकदम साफ! उद्या दादरला पाणी कमी दाबाने येणार, म्हणते."

सेल्समन हातात वायर धरून उभा होता. "काका, ह्याची पिन लावलीच नाही अजून. आवाज बंद आहे."

साचेखात्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू यायचं नाही, सगळे एकमेकांचे ओठ वाचायचे, हे बाबांनीच आम्हाला गमतीने सांगितलं होतं. घरातही ते तेच करत होते, हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि या मालिकेत ओठ एका भाषेत हलत होते, आवाज दुसऱ्या भाषेत.

बाबा बाहेर जाऊन पायरीवर उभे राहिले. सासूबाई त्यांच्या समोर गेल्या.

"कधीपासून?"

"संपाच्या आधीच सुरू झालं होतं. मग वाढत गेलं."

"म्हणजे मी इतकी वर्षं भिंतीशी ओरडतेय?"

"ओरडतेस तेव्हा तोंड मोठं उघडतेस. चांगलं कळतं."

सासूबाई हसल्या नाहीत. बाबांच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, "चला घरी."

परळच्या इस्पितळात कान तपासले. कानाचं मशीन मिळालं. दवाखान्यात, दुकानात बाबा ते लावायचे. पण टीव्हीपुढे बसलं की बोलणं, संगीत, माझ्या भांड्यांचा खणखणाट, सगळं डोक्यात एकदम घुसतं म्हणून काढून ठेवायचे आणि पुन्हा गॅलरीत जायचे.

एका संध्याकाळी सासूबाईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं. खुर्चीत बसवलं आणि स्वतः टीव्हीकडे पाठ करून त्यांच्या पुढ्यात पाटावर बसल्या. त्यासुद्धा त्याच गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या; ओठांचं बोलणं त्यांनाही येत होतं. मागून शब्द ऐकायचे आणि आवाज न काढता ओठांनी बाबांना सांगायचे, असं त्यांनी सुरू केलं. तेही मालवणीत. बाबा मला म्हणाले, "कालिंदी, शंकर आमच्या गावचाच निघाला."

अडचण एकच होती. टीव्ही पाठीमागे, त्याचा आवाज भिंतीकडे. सासूबाईंना अर्धी वाक्यं ऐकू येत नव्हती. न कळलेल्या जागी त्या आपल्या मनाने काहीतरी घालायच्या आणि पार्वतीच्या तोंडी नको ते यायचं.

तेव्हा पुन्हा त्याच दुकानात गेलो. या वेळी सासूबाईच पुढे झाल्या.

"माणसांचं बोलणं कुठल्या डब्यातून येतं?"

"हा मधला, आजी. डायलॉग यातूनच. हा टीव्हीच्या खाली ठेवायचा."

"वायर किती लांब आहे त्याची?"

"आजी, तो टीव्हीखालीच ठेवतात."

"तुझ्याकडे ठेवत असतील. मला समोरच्या कपाटावर, यांच्या खुर्चीमागे ठेवायचा आहे."

तो दुसऱ्या मोठ्या सेटचं कौतुक सांगू लागला. सासूबाईंनी तिकडे पाहिलंही नाही. वायर मोकळी करायला लावली, दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जगनला धरायला लावली आणि बाबांकडे तोंड करून, आवाज न काढता, काहीतरी म्हणाल्या.

बाबांनी मान डोलावली. "कपाटापर्यंत पुरता," म्हणाले.