माझे साडू आणि युरियातल्या गोगलगायी

किती विष घातलं की जीव मरतो हे शोधायला बसलेला, आणि मरायला टेकलेला एकही जीव मरू न देणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा! म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. संभाजीनगरात एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. चहा पिण्याआधीसुद्धा कपात डोकावून बघतात, आत काही हलतंय का. सिडकोतल्या त्यांच्या घरी पाहुण्याला अंघोळीला रिकामी बादली मिळेल तर शपथ. सगळ्यांत पाण्यातल्या गोगलगायी. कोवळा पालक आधी त्यांना, उरलासुरला घरच्यांच्या भाजीला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या चाचांनी तर एकदा विचारलंच, "प्रोफेसर साब, घर में बकरी पाले क्या?"

या वेडाचं मूळ लासूर स्टेशनजवळच्या आमच्या सासुरवाडीत आहे. साडूंचं लग्न झालं तेव्हा शेताकडेच्या नाल्यात दगडादगडावर गोगलगायी असायच्या म्हणे. नवे जावईबापू मानपान सोडून नाल्यात पाय टाकून त्यांच्याकडं बघत बसायचे. पुढं आमच्या मेहुण्यानं मक्याला मुठी भरभरून युरिया फेकायला सुरुवात केली, पावसानं तो वाहून नाल्यात उतरला, आणि एका वर्षी जावईबापूंना दिसले नुसते रिकामे पांढरे शंख. पीएचडी करायची ती यावरच, हे त्यांनी तिथंच ठरवलं. मेहुण्याला त्यांनी हळदीत, बारशात, भर पंगतीत समजावून सांगितलं. तो म्हणायचा, "दाजी, गोगलगायींनी आमचं सोयाबीन खाल्लं, अन् तुम्ही त्यांचीच वकिली करता व्हय?"

"अरे बाबा, त्या जमिनीवरच्या! ह्या पाण्यातल्या. ह्या बिचाऱ्या शेवाळ खाऊन राहतात."

"पण भाऊबंदच ना?" असं म्हणून मेहुणा त्यांच्या पानात आणखी एक जिलेबी टाकायचा.

प्रयोग तसा साधा, घरीच मांडलेला. बरण्यांत पाणी, प्रत्येक बरणीत युरिया चढत्या मापानं, आणि चार दिवस हात न लावता बघायचं की कोणत्या बरणीतल्या निम्म्या गोगलगायी मरतात. ते माप हाती लागलं की पीएचडी पक्की. पण ओळखायला सोपं जावं म्हणून यांनी प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका दिला, आणि प्रत्येक ठिपक्याला एका नातेवाइकाचं नाव. इथंच घात झाला. सासूबाईंची गोगलगाय मलूल दिसली म्हणून यांनी लासूरला फोन करून "तब्येत बरी आहे ना?" विचारलेलं मी स्वतः ऐकलंय. माझ्या नावाची गोगलगाय म्हणे आळशी होती. त्यावर माझ्या बायकोनं चौकशीसुद्धा केली नाही, लगेच विश्वास ठेवला. कुणी मान टाकली की हे इकडंतिकडं बघणार, हळूच चमच्यानं तिला उचलणार आणि ताज्या पाण्यात सोडणार. त्यांचे मार्गदर्शक सर कपाळाला हात लावून म्हणत, "अहो, ही प्रयोगशाळा आहे की दवाखाना?"

इकडं ताईंनी, म्हणजे आमच्या मेव्हणीबाईंनी, हौसेनं गुलमंडीच्या बाजारातून पितळी पाटी करून आणली होती, नावाआधी ठसठशीत 'डॉ.' कोरून. तेवढ्यात पीएचडीची मुदतवाढ संपत आली आणि सरांनी बजावलं, ही शेवटची संधी, बरणीला हात लावायचा नाही. ताईंनी घरातले सगळे चमचे कपाटात कुलूपबंद केले. साडूंनी तीन दिवस कसाबसा धीर धरला. चौथ्या दिवशी सकाळी मेहुणा शहरात कामाला आला होता, तो गंमत बघायला बरणीशी वाकला. निळ्या ठिपक्याची, त्याच्याच नावाची गोगलगाय अंग बाहेर लोंबकळत पडलेली.

"दाजी, ही मी व्हय?"

"व्हय."

"अन् आपल्या नाल्याचं पाणी असंच झालतं?"

"पावसानंतर असंच झालं असणार."

"मंग काढा की तिला भायेर! बघत काय बसलाव?"

साडूंनी ताईंकडं बघितलं. ताईंनी कोपऱ्यातल्या पाटीकडं बघितलं, उठल्या, कपाट उघडलं आणि चमचा आणून नवऱ्याच्या हातात दिला.

निळी वाचली, पीएचडी गेली. मेहुणा आता युरिया थोडा थोडा देतो, मातीत गाडून, आणि नाल्याकडेचा पट्टा मोकळा ठेवतो. यंदा दोघांनी मिळून निळीला आणि तिच्या गोतावळ्याला नाल्यात सोडलं. टिकतील की नाही, देव जाणे. पण मेहुणा फोनवर आधी त्यांची खबर देतो, मग आईची.

परवा मी सिडकोत गेलो होतो. उरलेल्या गोगलगायी काचेच्या टाकीतून बाहेर चढून येतात म्हणून साडूंनी तीच पितळी पाटी तिच्यावर पालथी झाकलीय. मी सहज उचलून बघितली, तर खालच्या बाजूला बरोबर 'डॉ.'वर एक पिल्लू चिकटून बसलेलं. मला एकदम भरून आलं. पाटी होती तशी ठेवली, चपला घातल्या आणि म्हणालो, "येतो, डॉक्टर."

साडू मागं वळून जिन्याकडं बघायला लागले, कोण डॉक्टर आले म्हणून.