गुरुवारचा उपवास

फॉइलच्या ट्रेमधून गरम मॅकरोनीचा वास आला, की मला टेक्सासमधलं ते बेघरांचं शेल्टर आठवतं. एमएस करताना आम्ही विद्यार्थी कॅम्पसच्या मेसमधलं उरलेलं जेवण भरून दर गुरुवारी तिथं वाढायला न्यायचो. पहिल्याच दिवशी तिथं राहणारी एक म्हातारी शेजारची खुर्ची सरकवत म्हणाली, "ये, तूही जेव." उरलंसुरलं, तेही यांच्या पंगतीत? मी चटकन थाप मारली, "गुरुवारी माझा उपवास असतो, फक्त फळं चालतात." पुढच्या गुरुवारी तिनं कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं केळं काढलं. सकाळच्या नाश्त्यातलं, तिच्या वाटचं. "उपाशीपोटी किती राबतेस गं," म्हणाली. तिच्यासमोर बसून मी ते खाल्लं. त्यानंतर आजवर खरा उपवास धरायची माझी हिंमत झालेली नाही.