ओढ्यातून आणलेलं मूळ

माझ्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा उजवा हात लुळा पडला आणि त्याच्यासोबत शब्दही गेले. कळायचं सगळं, पण बोलायला गेले की शब्द घशाशी अडकायचा, नाहीतर भलताच बाहेर पडायचा. चहा हवा असला की ‘छत्री’ म्हणायचे. चष्म्याला ‘चाक’. आपण चुकलो हे त्यांच्याच कानाला आधी कळायचं. मग जे गप्प बसायचे ते दिवेलागणीपर्यंत.

ते सरकारी मोजणीदार होते. साखळ्या टाकून, खुणेचे दगड शोधून त्यांनी उभ्या आयुष्यात नगर जिल्ह्यातली किती रानं मोजली असतील त्याला गणती नाही. बांधावर दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी यांचा आवाज चढत नसे. तो माणूस आता खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघायचा. मला त्या दिवसांत कशाचीही भीती वाटायची. मी आंघोळीला गेले आणि ते पडले तर? घास अडकला तर? मी न्हाणीघराचं दार लोटूनच आंघोळ करायचे, कडी लावत नसे.

त्यांचं मन रमावं म्हणून पुण्यात राहणाऱ्या आमच्या मुलीने तीन फुटांची काचेची टाकी पाठवली. नुसते मासे ठेवायची नव्हे, आत झाडं वाढवायची टाकी. मला ती अडगळ वाटली. यांनी मात्र मोबाईलवर दिवसेंदिवस लोकांच्या टाक्या पाहिल्या आणि डाव्या हाताने वहीत आखणी सुरू केली. आधी दगड आणि लाकूड, मग माती, मग झाडं, मासे सगळ्यांत शेवटी. मोठा दगड बरोबर मध्ये ठेवायचा नाही, एका अंगाला ठेवायचा. त्याच्या पायाशी लहान दगड त्याच्याकडेच कलते. माती पुढे उथळ, मागे उंच, म्हणजे तीन फुटांत दूरवरचा डोंगर दिसतो. हे सगळं त्यांनी मला बोलून नाही, रेघा मारून सांगितलं. हात माझे आणि नजर त्यांची, असं आमचं ठरलं.

माझे दीर तिसगावला शेती करतात. त्यांना फोन केला तसे ते दोनच दिवसांत जीपमधून काळे, खरबरीत दगड घेऊन आले.

“वहिनी, ओढ्यातली हायेत. लई भारी दगडं. आन हे बघा, दादाला आवडंल म्हणून आणलं.”

पोत्यातून त्यांनी एक मूळ काढलं. कुठल्याशा झाडाचं, पुराच्या पाण्याने सोलून निघालेलं, उन्हाने पांढरं पडलेलं. एका टोकाला बुंध्याचा गड्डा, दुसऱ्या टोकाला हरणाच्या शिंगासारख्या दोन फांद्या. यांनी ते पाहिलं आणि आजारपणानंतर पहिल्यांदा मनापासून हसले. मी ते परत पोत्यात घालून दोन्ही हातांनी छातीशी धरून गॅलरीत नेऊन ठेवलं. दोन दिवस ते तिथेच होतं, माझ्या वाळत घातलेल्या साड्यांखाली.

मांडणीच्या दिवशी चांगलीच थंडी होती. सकाळचे अकरा वाजले असतील, खिडकीतून ऊन थेट टाकीत पडलं होतं. दगडांवर व्हिनेगर टाकून आम्ही आधीच तपासले होते. फेस आला तर दगडात चुना असतो, तो पाण्यात चालत नाही. तळाला थर्माकोल अंथरला, म्हणजे वजनाने काच तडकू नये. हे टाकीच्या डाव्या बाजूला खुर्चीत, मी समोर उभी. मोठा दगड ठेवला. त्यांनी बोट हलवलं, मी तो किंचित वळवला. पुन्हा बोट, पुन्हा वळवला. शेवटी मान डोलावली. मग मी मूळ उचलून आत ठेवलं, गड्डा तळाला दगडाला टेकवून आणि फांद्या वर, टाकीच्या काठाच्या बाहेर वीतभर निघालेल्या. छान दिसत होतं. तासभर आम्ही तसेच लहान दगड इकडचे तिकडे करत होतो.

आणि अचानक ते म्हणाले, “दोरी.”

“काय?”

“दोरी. दोरी!”

मला आनंद झाला. लाकूड पाण्यात तरंगू नये म्हणून दगडाला बांधतात, हे त्यांनीच मला मोबाईलवर दाखवलं होतं. शब्द अगदी नेमका आला होता!

“बांधू या ना,” मी म्हटलं. “कुठून गुंडाळायची तेवढं बघते.” आणि गड्ड्याखालून बोटं जातात का ते पाहायला मी हात आत घातला.

त्यांनी डाव्या हाताची थाप काचेवर मारली. “नको! दोरी! दोरी!”

“अहो, हो, कळलं मला. ओरडू नका ना असं.”

मी चिडले होते, हे आज कबूल करायला हवं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, ओठ वाकडे होऊन थरथरत होते, आणि मला वाटलं, पुन्हा झटका येतोय. त्या भीतीने मी त्यांच्याकडे पाहत राहिले, हात मात्र तसाच आत. तेवढ्यात ते खुर्चीतून उठले. आधाराशिवाय एक पाऊल न टाकणारा माणूस उठला, माझं मनगट धरलं आणि स्वतःचं सगळं वजन मागे टाकलं. आम्ही दोघंही फरशीवर पडलो.

तेव्हा मला आवाज ऐकू आला. गरम कढईत पाण्याचे थेंब पडावेत तसा, पण न थांबणारा. मी मान वर केली. गड्ड्याला त्यांच्या बाजूने एक पोकळी होती, जी मला समोरून दिसत नव्हती. तिच्या तोंडाशी, जिथे माझी बोटं होती तिथून चार अंगुळांवर, वीत-दीड वीत लांबीचं मातकट काहीतरी स्वतःभोवती घासत फिरत होतं. फुरसं. ज्या गावात मी वाढले तिथे फुरशाने माणूस गेलेला मी पाहिला आहे.

काच दीड फूट उंच, गुळगुळीत, साप ती चढणार नाही. पण मूळ? त्याच्या फांद्या मीच काठाबाहेर काढून ठेवल्या होत्या. आणि हे फरशीवर आडवे, त्यांना उचलायची ताकद माझ्यात नाही. मी सतरंजी ओढली, त्यांना कसंबसं तिच्यावर घेतलं आणि आतल्या खोलीकडे खेचायला लागले. बारा-पंधरा पावलांचं अंतर, पण संपेना. मी टाकीकडे पाठ करायला धजत नव्हते, म्हणून उलटी चालत होते. त्यांना आत घेऊन दार लावलं, फटीत टॉवेल कोंबला. मग लक्षात आलं की कोणीतरी त्याच्यावर नजर ठेवायला हवी. साप घरात कुठे गेला हे कळलं नाही तर या घरात परत झोपणार कोण? मी पुन्हा बाहेर आले, टॉवेल या बाजूने फटीत दाबला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात स्टुलावर चढले आणि शेजाऱ्यांना फोन केला.

शेजाऱ्यांनी एका सर्पमित्राला बोलावलं. तो यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ मी स्टुलावरून हलले नाही, आणि आतल्या खोलीतून ते दारावर हाताने थापा मारत होते. मी ओरडून सांगत होते, “मी बरी आहे, मी बरी आहे.” साप एकदा फांदीच्या निम्म्यापर्यंत वर आला. थांबला. मग ऊन सरकलं तसा परत पोकळीत गेला.

तो माणूस चाळिशीचा, गॅरेजमध्ये काम करणारा. आकड्याने आणि बरणीने त्याने पाच मिनिटांत काम केलं. “थंडीत असं कुठंतरी शिरून बसतंय बघा. उन्हानं ऊब लागली, आन आलं बाहेर. तुमी हात घातला व्हता का?”

मी हो म्हटलं. त्याने बरणीचं झाकण पुन्हा एकदा आवळलं.

सर्पमित्र गेल्यावर मी आतल्या खोलीत आले. हे अजून सतरंजीवरच होते आणि रडत होते. “दोरी,” ते हळूच म्हणाले आणि मान जोरजोरात हलवली. दोरी नाही, दोरी नाही. त्यांना तो शब्द सापडत नव्हता, अजूनही. मी तो उच्चारला, “साप.” त्यांनी डोळे मिटले.

त्यानंतर कित्येक दिवस मला सापाचं भय वाटलं, पण त्याहून दुसरंच भय जास्त होतं. यांचे चुकलेले शब्द मला बरोबर ओळखता येतात, याचा मला अभिमान होता. आल्यागेल्याला मी कौतुकाने सांगायचे. त्या सकाळी त्यांनी मला तीनदा सांगितलं, आणि मी तिन्ही वेळा माझ्या सोयीचा अर्थ लावला. पुढे कधी छातीत दुखलं आणि तोंडातून ‘खिडकी’ आलं, तर मी उठून खिडकी उघडत बसणार होते का?

दिरांना कळलं तेव्हा ते फोनवर रडकुंडीला आले. “वहिनी, चुकलं माझं. मी आपटून बघाया हवं हुतं.” मूळ जाळून टाका म्हणाले. यांनी ऐकलं आणि डाव्या हाताने ठाम ‘नाही’ केलं. मग ते मूळ तीन आठवडे गच्चीवर पाण्याच्या पिंपात, दगडाखाली बुडवून ठेवलं. बाहेर काढून मी त्याच्या प्रत्येक भोकात तार घालून पाहिली. तरी टाकीत हात घालायची वेळ आली तेव्हा माझा हात काठावरच अडला. मग खुणेने खुर्ची पुढे ओढायला सांगून त्यांनी स्वतःच डाव्या हाताने ते मूळ आत उतरवलं, कापत, एका बाजूला घसरत. आखणीत होतं तसं ते बसलं नाही. मी सरळ केलं नाही, तसंच राहू दिलं.

आता टाकीत झाडं आहेत, मासेही आहेत. त्यांच्या खुर्चीच्या हाताला मी सायकलची घंटी बसवून घेतली आहे. एकदा वाजली तर काहीतरी हवंय. तीनदा वाजली तर काही विचारायचं नाही, अर्थ लावायचा नाही, हातातलं टाकून मागे व्हायचं. आजवर ती तशी एकदाच वाजली, दूध उतू जात होतं म्हणून. मी लाटणं टाकून थेट जिन्यात जाऊन उभी राहिले होते, आणि दूध करपल्याचा वास आला तरी पाच मिनिटं माझ्याने घरात पाऊल टाकवलं नाही.