सुनगावच्या रस्त्यावर तांबूसोबत

जळगाव जामोदच्या पंचायत समितीत कारकून असलेल्या सुलभाताई एकावन्नाव्या वर्षी पळायला लागल्या. तोवर त्या पळायच्या ते फक्त सुटणारी एसटी पकडायला.

खरे पळणारे म्हणजे त्यांचे यजमान, वैजनाथ सर. हायस्कुलात गणित शिकवायचे. संग्रामपूरच्या बसस्टँडवर त्यांना एक तांबडं गावठी पिल्लू सापडलं, ते पिशवीत घालून घरी आणलं. नाव ठेवलं तांबू. पहिलं वर्षभर सरांनी त्याला नुसतं चालवलं. "हाडं कच्ची हायेत त्याची. आताच डांबरावर पळवलं तर जन्माचं लंगडं होईन," म्हणायचे. मग स्वतःच्या कमरेला दोरी बांधून त्याला डाव्या अंगाला ठेवायला शिकवलं. दोरी ताणली की सर जागीच उभे राहत, ढिली झाली की पुढे निघत. मोटारसायकलचा आवाज आला की "थांब", आणि थांबला की खिशातला भाकरीचा तुकडा. चारेक महिन्यांत तांबू सरांच्या पावलाला पाऊल लावून पाच किलोमीटर जायला लागला.

सकाळी बूट बांधताना सर हाक मारत, "सुलभा, चाल ना आज."

"मी काऊन येऊ? साडीत पळताना पाहून लोकं हसतीन."

"हसू दे ना."

ताई कणीक भिजवत राहायच्या. दोघं कुठून कुठवर जातात, हेही त्यांनी कधी विचारलं नाही. शाळेच्या मैदानावर जात असतील, असं धरून चालल्या होत्या.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये सरांना डेंग्यू झाला. अकोल्याला नेलं. पाचव्या दिवशी ते गेले.

तांबू मात्र ठरल्या वेळेला उठून दाराशी बसायचा, ऊन वर येईपर्यंत. मग पायपुसणी फाडायचा, कुंड्या उकरायचा. शेजारचे भगवंतराव म्हणाले, "वहिनी, कोन्या शेतावर देऊन टाका त्याले. पळाची सवय हाय, घरात येडं होईन ते." ताईंना पटलं. येत्या रविवारी चुलतभावाच्या शेतावर सोडायचं ठरलं.

शनिवारी सकाळी त्यांना वाटलं, जाण्याआधी एकदा तरी फिरवून आणावं. चपला घातल्या, दोरी हाताला गुंडाळली. तांबू मैदानाकडे वळलाच नाही. थेट सुनगावच्या रस्त्याला लागला आणि सातपुड्याच्या दिशेनं त्यांना ओढत निघाला. ताई धापा टाकत, पदर सावरत मागे. एका संत्र्याच्या बगीच्याशी येऊन तो आपोआप थांबला आणि जमिनीवर पसरला.

झोपडीतून एक म्हातारी पाण्याचा गडू घेऊन आली. गोजरबाई, बगीच्याची राखणदारीण. तिनं आधी तांबूच्या पुढ्यातल्या खापरात पाणी ओतलं.

"लय दिवसानं आलास रे. आज मास्तर काऊन नाई आले वो?"

ताई म्हणाल्या, "ते गेले हो मावशी. दीड महिना झाला."

गोजरबाई तिथंच खाली बसली. मग म्हणाली, "तुमी त्यायची मंडळी ना? रोज म्हनत, आमच्या बाईले एक दिवस आनतो इथं. इथून डोंगर कसा दिसते, ते तिले दाखवाचं हाय."

ताईंनी मान वर केली. समोर सातपुडा होता, निळा, अगदी जवळ. चोवीस वर्षं त्या या गावात राहत होत्या.

रविवारी तांबू शेतावर गेला नाही.

पुढच्या आठवड्यात ताईंनी खामगावहून बूट आणले, कपाटातला सलवार-कमीज बाहेर काढला. आता शिकायची पाळी तांबूची होती. त्याला सरांच्या वेगाची सवय. तो ओढायचा, ताई अडखळायच्या. मग त्यांनी सरांचीच रीत धरली. दोरी ताणली की उभं राहायचं. एका मिनिटाचं पळणं, दोन मिनिटांचं चालणं. पुण्याहून मुलगी श्रद्धा फोनवर ओरडायची, "आई, पडशील ना!" एकदा पडल्याही, गुडघा फुटला. लोक हसले, पण चारच दिवस. दिवाळीनंतर तांबूनं आपला वेग ताईंच्या पावलांवर आणला. संक्रांतीपर्यंत त्या न थांबता बगीच्यापर्यंत पोचायला लागल्या.

गोजरबाईच्या चुलीवरचा चहा पिताना त्या सरांबद्दल खोदून खोदून विचारतात. कुठल्या दगडावर बसायचे? शाळेचं काही बोलायचे? गोजरबाईला आठवतं तेवढं ती सांगते. हल्ली तेच तेच सांगते, तरी ताई पुन्हा विचारतात.

परतताना बगीचा मागे पडला की रस्ता सरळ आणि मोकळा आहे. तिथं ताई दोरी सोडतात. तांबू जुन्या वेगानं सुसाट जातो, दूरवर थांबतो आणि मागे वळून पाहतो. पण ताईंकडे नाही. त्यांच्याही मागे, रिकाम्या रस्त्याकडे. मग ताईही वळतात, आणि थोडा वेळ दोघंही तिकडेच पाहत उभी राहतात.