मोकाशी काकांचा हीटर

किस्से काय, सगळ्यांकडेच असतात. कुणाकडे ऑफिसचे, कुणाकडे सासरचे. आमच्या बिल्डिंगकडे थंडीचे आहेत. आता तुम्ही म्हणाल, विचुंब्याला कसली आलीय थंडी! बरोबर आहे. आमच्या पनवेलच्या पट्ट्यात वर्षातून जेमतेम आठवडाभर गारवा पडतो. पण त्या आठवड्यात आम्ही जे काही करून ठेवतो, ते पुढचा अख्खा उन्हाळा सांगायला पुरतं. जिन्यात कुणी भेटलं की "ते हीटरचं ऐकलंस का गं?" सुरू! ऐकलेलं असलं तरी आम्ही "नाही बाई, सांग ना" म्हणतो, कारण दर वेळी त्यात थोडी भर पडलेली असते.

मी नंदा. घरून इडली-डोशाचं पीठ विकते. त्यामुळे प्रत्येकाच्या दारात जाणं होतं, आणि दारात उभं राहिलं की आतलं आपोआप दिसतं. मी काही मुद्दाम बघत नाही! समोरच्या फ्लॅटमध्ये मोकाशी काका-काकू. यंदाची थंडी त्यांची.

* * *

काका तळोज्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये होते. नोकरी संपली, पण तापमान बघायची सवय काही सुटली नाही. बाल्कनीत थर्मामीटर टांगलाय. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की जिन्यात जाहीर करतात, "आज सतरा!" मॅचचा स्कोअर सांगावा तसं.

त्यांची लेक मेघना कॅनडात. पहिलं बाळंतपण, फेब्रुवारीतली तारीख. काकूंचा जीव तिकडे लागलेला. व्हिसा हातात होता, डिंकाचे लाडू मनातल्या मनात वळून झाले होते, अडलं होतं ते फक्त काकांच्या 'हो'वर. काका नाही म्हणत नव्हते हो, पण हो पण म्हणत नव्हते! "तुला इथली थंडी सोसत नाही, तिथे मायनसमध्ये काय करशील?" एवढंच तुणतुणं. शेवटी एक दिवस म्हणाले, "पनवेलची थंडी शाल-स्वेटरशिवाय काढून दाखव. मग कॅनडाचं बघू."

काकू म्हणाल्या, "काढते!"

दुसऱ्या दिवशी काकांनी बाजारातून रूम हीटर आणून हॉलच्या मधोमध ठेवला. म्हटलं, काका, पैज काकूंची आणि हीटर का? तर म्हणे, "ती जवळ येऊन बसली की समजायचं, हरली!" उंदराला पिंजऱ्यात खोबरं लावतात ना, तसं.

संध्याकाळी मी पीठ द्यायला गेले. हीटर लालबुंद. वर पंखा फुल स्पीडवर. काका माकडटोपी घालून, शाल लपेटून सोफ्यावर.

"काका, हीटर लावलाय ना? मग पंखा कशाला?"

"डास किती आहेत बघ!"

"मग खिडकी तरी लावा."

"खिडकी लावली की हीटरने गुदमरायला होतं."

आणि लांब कोपऱ्यात सुती साडीत काकू. ओठ घट्ट मिटून बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "मला तर बाई उकडतंय!" म्हणताना दात वाजले ते मी ऐकलं.

* * *

रविवारी काकांनी चौदा जाहीर केलं आणि बिल्डिंग हादरली. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने लावलं. गिझर, हीटर, कुणाचा ब्लोअर. मेन फ्यूज बिचारा किती सोसणार? उडाला!

आमचे सेक्रेटरी शिंदे डोक्याला शाम्पूचा फेस, कमरेला टॉवेल अशा अवतारात जिन्यात आले. "कोणी कोणी हीटर लावला होता? खरं सांगा!"

कोणीच नाही. सगळे आपापल्या दारात साळसूदपणे उभे. त्यातल्या निम्म्यांचे गाल लाल झालेले.

त्यावर शिंद्यांनी नियम काढला. हीटर किंवा गिझर लावायच्या आधी बाथरूमच्या डक्टमध्ये ओरडून सांगायचं. वरून कुणी "थांबा, माझं पाणी तापतंय" म्हटलं की थांबायचं. झालं, दोन दिवसांत डक्टची मंडई झाली! "हीटर लावते होऽऽ!" "अहो, पाच मिनिटं, पाहुणे आहेत!" "लावा लावा, आमचं झालं!"

याचा एक तोटा मात्र शिंद्यांच्या लक्षात आला नाही. कोण कधी अंघोळ करतं हे अख्ख्या बिल्डिंगला कळायला लागलं. त्यातून तळमजल्यावरच्या जोशीबाईंचे कान भारी तिखट. शुक्रवारी भर मीटिंगमध्ये म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक आहे, पण शिंदेसाहेबांचा गिझर सोमवारपासून ऐकू आला नाही."

* * *

माझी अडचण वेगळीच. थंडीत पीठ आंबत नाही. तीन गिऱ्हाइकांनी इडल्या परत आणून ओट्यावर ठेवल्या, टणाटण आवाज आला. पोटापाण्याचा प्रश्न! मग मीही एक छोटा हीटर घेतला, स्वयंपाकघराचं दार लोटलं, पिठाचा डबा शालीत गुंडाळला आणि हीटरसमोर ठेवला. पीठ असं फुगलं म्हणता!

शाल सासूबाईंची होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या आलं. त्यांनी लगेच आपट्याला राहणाऱ्या बहिणीला फोन लावला, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

"अगं, सुनेने पिठाला हीटर लावलाय आणि माझी शाल पांघरलीय. पुढच्या जन्मी मी उडदाची डाळ होऊन येणार बघ!"

* * *

तर या पिठाच्या हीटरवर काकूंची नजर गेली. दुपारी काका वामकुक्षीला आडवे झाले की काकू हळूच यायच्या. "नंदा, पीठ कसं आलंय बघू." पीठ कुठलं बघतात? दोन्ही तळवे हीटरसमोर! मग शेजारी सासूबाई बसायच्या, त्यांच्याही हातांना थंडी वाजायची. मी चहा टाकायचे. पैजेबद्दल आम्ही कुणी चकार शब्द काढत नव्हतो.

पण नियम म्हणजे नियम. हीटर लावायच्या आधी मी डक्टमध्ये ओरडायचे, "हीटर लावते होऽऽ!" आणि माझं पीठ संध्याकाळी वाटलं जातं, हे काकांना पक्कं ठाऊक. लॅबमधला माणूस तो! डाळ-तांदूळ वाटलेच नसताना दुपारी आंबवायला काय ठेवते ही? चौथ्या दिवशी काका वाटी घेऊन, चटणी मागायच्या निमित्ताने, थेट स्वयंपाकघराच्या दारात.

काकू पाटावर, हात हीटरपुढे.

"काय चाललंय?"

"पीठ बघायला आले होते," काकू म्हणाल्या.

"डबा तर तिकडे कोपऱ्यात आहे."

सासूबाई म्हणाल्या, "त्याला उकडत होतं, म्हणून बाजूला ठेवलाय!"

मला हसू आवरेना. काकाही हसले. "हरलीस की नाही?" म्हणाले, थट्टेतच. आणि काकूंचे डोळे एकदम भरून आले.

"हसा तुम्ही. माझी पोर तिकडे एकटी आहे हो. तिच्या डोक्यावरून हात फिरवायला कोणी नाही. मी काय बर्फात खेळायला चाललेय?"

आमचं हसणं जागच्या जागी गोठलं. काका रिकामी वाटी घेऊन तसेच परत गेले. मला फार वाईट वाटलं, दोघांसाठीही.

* * *

त्याच आठवड्यात शनिवारी भोईरांकडे पोपटी होती. आमची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांची. मागेच त्यांचा बंगला. थंडी पडली की सगळ्या बिल्डिंगला बोलावणं असतं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भरायची, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. थंडीसाठी आम्ही हीटर काढतो, ते मडकं काढतात.

पैजेची बातमी भोईरवहिनींपर्यंत पोचली होतीच. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय वो काका, काकूला पाठवत नाय म्हनं तुमी?"

"अहो वहिनी, मायनस वीस असतं तिथे!"

"असूं दे ना. पोरीचं बाळंतपन हाय आनि आईनं थंडी मोजायची? आमी नाय आयकलं असं कुठं!"

काका काहीतरी बोलायला गेले, तेवढ्यात भोईर हसत म्हणाले, "काका, थंडी तर तुमालाच वाजते हाय. जरा मागं सरका, टोपी जळंल!"

सगळ्यांनी बघितलं. जाळाच्या सगळ्यात जवळ काका, टोपी, शाल, पायमोजे, सगळं घालून. आणि काकू पदर खोचून साध्या साडीत सगळ्यांना अंडी वाटत फिरत होत्या.

काका जाळापासून जरा मागे सरकले. मग एक गरम शेंग सोलली, दाणे काकूंच्या हातावर ठेवले आणि जाळाकडे बघत म्हणाले, "अगं, ते आतून घालायचे गरम कपडे असतात ना, ते कुठे मिळतात? उद्या जाऊन आणू."

काकू तिथेच रडायला लागल्या. वहिनी म्हणाल्या, "धूर गेला डोल्यान," आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

* * *

काकू गेल्या. नात झाली. पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होते. काकांनी "बर्फ दाखव, बर्फ दाखव" लावलेलं, आणि पडद्यावर काकू पातळ गाउनमध्ये, वर्तमानपत्राने वारा घेत!

"अहो, इथे घरभर गरम हवा सोडतात. बाहेर बर्फ आणि आत मी घामाघूम! सगळे स्वेटर बॅगेतच आहेत."

मागून मेघना म्हणाली, "बाबा, आईला मी इतक्यात सोडत नाही. तुम्हीच या आता. थंडीचं कारण चालणार नाही, घरात बघताय ना किती गरम आहे!"

 काका म्हणाले, "मग तर झालंच! मला उकाडा मुळीच सोसत नाही. मी आपला इथेच बरा." आणि फोन ठेवला.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "गार सोसत नाही, गरम सोसत नाही. फ्रिजमध्ये ठेवा त्यांना, भाजीच्या कप्प्यात!"

हसलो आम्ही. पण काका त्या दिवसांत रोज पीठ न्यायला लागले. एकट्या माणसाला रोज कसलं पीठ लागतंय? दारात उभे राहायचे, नातीचा फोटो दाखवायचे, कालचाच. मीही पहिल्यांदाच बघतेय असं दाखवायचे.

* * *

एप्रिल उजाडला. ऊन असं की चप्पल घातली तरी जिना भाजतो. दोन दिवस काका पीठ न्यायला आले नाहीत, म्हणून दुपारी मीच डबा घेऊन गेले. बेल वाजवली.

दार उघडलं आणि आतून अशी झळ आली की मी मागेच सरले. खिडक्या बंद. पंखा बंद. हॉलच्या मधोमध हीटर लालबुंद. समोर बनियनमध्ये काका, गळ्यात टॉवेल, मांडीवर पासपोर्ट, चेहरा टोमॅटोसारखा, कपाळावरून घाम निथळतोय.

"अगं बाई! काका, बरं वाटत नाहीये का? शिंद्यांना बोलावू?"

"कशाला? ठणठणीत आहे मी."

"अहो, मग हा हीटर?"

काकांनी टॉवेलने तोंड पुसलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि खुशीत म्हणाले, "कालच्यापेक्षा बराच जास्त बसलो आज. आणि नंदा, तू आत ये नाहीतर बाहेर जा, पण दार लाव बघू आधी. गरम हवा चाललीय सगळी!"