मागांच्या सुट्टीत ओरडलेला पंखा

तुमच्या घरी शांतता आठवड्यातून कोणत्या वारी येते? रोजच असते म्हणत असाल, तर तुम्ही भवानी पेठेत आमच्या बोळात राहत नाही. आमच्या भिंतीला लागून टॉवेलचे यंत्रमाग आहेत. ते चालू असताना आम्ही बोलत नाही, ओरडतो. लग्नाची बोलणी, बँकेला फोन, नीट सविस्तर भांडण हे सगळं मागांच्या सुट्टीसाठी राखून ठेवतो. बऱ्याचदा सुट्टी येईपर्यंत राग निघून जातो, हा त्यातला फायदा.

एका सुट्टीला अम्माचं, म्हणजे माझ्या आईचं, काम होतं. ती घरी टॉवेलच्या कडा शिवते, आणि तेलुगू असं वाचते की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हावा. आमच्यासारख्या विणकर घरांतली पुष्कळ मुलं तेलुगू बोलतात, पण त्यांना ती वाचता येत नाही. मीही त्यातलीच. अशा मुलांसाठी एक संस्था गोष्टी ध्वनिमुद्रित करणार होती आणि तिला आवाज हवे होते. एक गोष्ट वाचून नमुना त्याच संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता. संस्थेनं माईकही पाठवला होता, पण तो कम्प्युटरलाच जोडता यायचा. अम्मा ‘मला हे हवंय’ असं एकदाही म्हणाली नाही. फक्त आठवडाभर शिलाई मशीनवर तीच गोष्ट पुटपुटत होती.

आमचा कम्प्युटर जुना, कुणाचा तरी वापरलेला. पडद्याच्या पाठीतच त्याचा सगळा संसार. त्याची हार्ड डिस्क गेली होती. दुकानदार म्हणाला, ‘याला हात लावण्यात अर्थ नाही, नवीनच घ्या.’ मी कामगार संघटनेच्या मराठी पत्रकांवर अक्षरं गिरवून मोठी झालेली मुलगी. नाना, म्हणजे माझे वडील, मागावर काम करतात आणि संघटनेची पत्रकं वाटतात. आता ती मी लिहिते. मला ‘नवीनच घ्या’ म्हणणं म्हणजे आव्हान. सुट्टीच्या आदल्या दिवशी मी डिस्क स्वतः बदलली. पडदा उजळला. शेजारी माग धडधडत होते, आणि मी जिंकले होते.

सुट्टीच्या सकाळी बोळ गप्प झाला. अम्मा केस विंचरून माईकसमोर बसली. मी कम्प्युटर चालू केला आणि खोलीत गिरणी सुरू झाली. आतला पंखा जिवाच्या आकांतानं घोंघावत होता. आदल्या दिवशीही तो असाच ओरडत असणार. मागांच्या आवाजात आम्हाला कळलंच नव्हतं.

‘कुठाय आवाज? मला तर काय ऐकू येत नाही,’ नाना म्हणाले. तीस वर्षं मागावर उभं राहिलेल्या कानांना तो पंखा म्हणजे वाऱ्याची झुळूक.

‘तुम्हाला माझा तरी कुठं येतो,’ अम्मा म्हणाली.

तिनं दोन ओळी वाचून पाहिल्या. ध्वनिमुद्रणात अम्मा कमी आणि पंखा जास्त होता. मी यंत्र पुन्हा उघडलं. पात्यांवर टॉवेलच्या तंतूंचा थर बसला होता, तो ब्रशनं काढला. एखादी वायर पात्याला घासतेय का पाहिलं. सगळे स्क्रू आवळले. पंखा आता स्वच्छ होऊन ओरडू लागला. मग मी उभी राहून कम्प्युटर कंपन्यांवर बोलायला लागले. माणसाला स्वतःचं यंत्र उघडता येऊ नये म्हणून ही माणसं कशी यंत्रं बांधतात, वगैरे.

‘पत्रक नंतर काढ की गं. आधी पंखा गप्प कर,’ नाना म्हणाले. ‘त्याची वायरच उपट. गोष्ट होईस्तोवर काय होतंय?’

अम्मानं माझ्याकडे पाहिलं. तिलाही तेच वाटत होतं, आणि संध्याकाळ जवळ येत होती. खरं सांगते, हात गेला होता वायरीकडे. पण गेल्याच महिन्यात आम्ही पत्रक काढलं होतं: कामाचा वेग वाढावा म्हणून मागांवरच्या संरक्षक जाळ्या काढू नका. ते कारखान्यांत वाटलं होतं नानांनीच.

‘नाना, पंखा बंद केला तर आतलं सगळं तापून जळेल. जाळी काढून काय होतंय, असं तुम्ही मालकाला म्हणू द्याल?’

‘लई शिकवलं हिला,’ नाना अम्माला म्हणाले.

‘पण मला एक सांग,’ अम्मा म्हणाली, ‘चालू केल्या केल्या हा तापला कसा? माझा चहा तापत नाही इतक्या लवकर.’

यंत्र थंडगार होतं. मी हात लावून पाहिला. म्हणजे पंखा उष्णतेनं ओरडत नव्हता. आत किती उष्णता आहे हेच यंत्राला कळत नव्हतं, म्हणून घाबरून तो पूर्ण वेगानं फिरत होता. बॅटरी घेऊन आत शोधलं तर एक बारीक जोडणी रिकामी दिसली. तिथली वायर कुठं गेली? ती जुन्या डिस्कला चिकटलेली होती, तिच्या टोकाला तापमान मोजणारा तांदळाएवढा दाणा. मी तो जुन्या डिस्कचाच भाग समजून डिस्कबरोबर बाहेर काढला होता. ती डिस्क माझ्या टेबलावर पत्रकांचा गठ्ठा उडू नये म्हणून ठेवलेली होती.

दाणा सोडवला, चिकटपट्टीनं नव्या डिस्कवर बसवला, वायर जागेवर जोडली. यंत्र सुरू झालं. पंखा एकदा घुमला आणि मग हळूहळू खाली आला, इतका की छपरावरच्या कबुतरांची घुटुरघू ऐकू आली.

‘बंद पडला?’ नानांनी विचारलं.

‘श्श,’ अम्मा म्हणाली, आणि वाचायला लागली. नाना दाराशी बसले, हातांवर हनुवटी ठेवून. त्यांना किती ऐकू आलं माहीत नाही; हसायच्या जागी मात्र ते हसले.

संस्थेचं उत्तर आलं. अम्माची निवड झाली. आता दर सुट्टीला ती दुपारी एक गोष्ट वाचते. पहिल्या ध्वनिमुद्रणाबद्दल त्यांची एकच तक्रार होती: गोष्टीतलं हरीण पाण्यावर येतं नेमकं तिथंच मागे कुणीतरी मोटारसायकलचा लांबलचक हॉर्न वाजवलाय.

म्हणून एक मागणं आहे, आणि ते पत्रकासारखंच ठणकावून मांडते. मागांच्या सुट्टीच्या दुपारी आमच्या बोळातून गाडीवर आलात, तर हॉर्नवरचा अंगठा काढा, वळणावर वेग कमी करा आणि गप्प निघून जा.